चार इंजिनांचे येळवंडे

माणसाच्या प्रगतीचा सगळा इतिहास म्हणजे जमीन सोडण्याची धडपड आहे. एवढं वजनदार वाक्य भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सहसा ऐकू येत नाही. तिथे लोक डिस्पॅचबद्दल, रिजेक्शनबद्दल आणि कंपनीची बस आज कुठल्या कोपऱ्यावर थांबणार याबद्दल बोलतात. हे वाक्य आमच्या मेंटेनन्स खात्याचे प्रमुख सुदाम येळवंडे यांनी उच्चारलं. ते उच्चारत असताना त्यांचं विमान कॉम्प्युटरच्या पडद्यावर धावपट्टी संपवून, टोकाचं कुंपण मोडून पलीकडच्या तळ्यात शिरत होतं. मागे उभा असलेला त्यांचा सुपरवायझर खरात म्हणाला, "सुटली साहेब, जमीन सुटली." ते खरंही होतं. विमान आता पाण्यात होतं.

आमची कंपनी ट्रकच्या गिअरबॉक्सची कव्हरं बनवते. मी तिथे स्टोअर्स सांभाळायचो. माझ्या खिडकीसमोरच येळवंडे साहेबांची केबिन होती आणि दोन्हींच्या काचा स्वच्छ होत्या. त्यामुळे हे बहुतेक सगळं मी बसल्या जागेवरून पाहिलेलं आहे.

साहेब बुटके आणि रुंद होते. लांबून पाहिलं तर एखादी मोटर शर्टपँट घालून चालली आहे असं वाटे. शर्टाच्या खिशाला कायम एक टेस्टर अडकवलेला असे. तो वापरताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. मशीन बिघडलं की ते त्याच्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि भोवतीची माणसं गप्प होईपर्यंत तसेच उभे राहायचे. मग डोळे उघडून सांगायचे, "पॉवर कमी पडतीय." हे निदान कधी बदललं नाही. लेथ थरथरली तरी पॉवर कमी, कन्व्हेअर अडकला तरी पॉवर कमी, नवा ऑपरेटर जेवणानंतर पेंगला तरी तेच. खंडेनवमीला मशिनांची पूजा चालू असताना गुरुजींचे मंत्र मागच्या रांगेपर्यंत पोचेनात, तेव्हा साहेबांनी गुरुजींकडेही त्याच नजरेने पाहिलेलं मला आठवतं. तळहात तेवढा ठेवला नाही.

दिघीच्या बाजूने कधीकधी लढाऊ विमानं कान फाडत जायची. मीटिंग कितीही महत्त्वाची असो, साहेब बोट वर करून सगळ्यांना थांबवायचे. आवाज संपेपर्यंत छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "याला म्हणतात पॉवर." तोवर मीटिंगमधला मुद्दाही त्या विमानाबरोबर गेलेला असे. मला वाटतं, साहेबांच्या कित्येक मीटिंगा यशस्वी झाल्या त्या अशाच.

एका उन्हाळ्यात आमच्या शेडमध्ये इतकं उकडायला लागलं की कामगारांनी गेटवर सभा घेतली. साहेबांनी भिंतीतल्या एक्झॉस्ट पंख्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि त्याला दुप्पट ताकदीची मोटर बसवली. पंखा सुरू झाल्यावर बाथरूमचं दार उघडायला दोन माणसं लागायला लागली. क्वालिटी खात्याच्या टेबलावरचं ड्रॉइंग उडालं, शेडची पूर्ण लांबी ओलांडून गेलं आणि पंख्याच्या जाळीवर जाऊन घट्ट चिकटलं. क्वालिटीच्या प्रमुख साने मॅडम शांतपणे चालत तिथवर गेल्या, ड्रॉइंग सोलून काढलं आणि म्हणाल्या, "येळवंडे साहेब, हे तुम्ही रिजेक्ट केलंत का?" उकाडा मात्र तेवढाच राहिला, कारण तो पत्र्यातून येत होता. गरम हवा तीच होती, फक्त आता ती पळत होती. साहेबांनी या कामाचा अहवाल 'हवेच्या गतीत भरीव सुधारणा' या नावाने वर पाठवला आणि त्याला बक्षीस मिळालं.

पुढे आमच्या थोरल्या शेठचे चिरंजीव परदेशातून शिकून आले. त्यांना सगळे धाकटे शेठ म्हणत. धाकट्यांनी आल्याबरोबर कामगारांना 'सहकारी' आणि कँटीनला 'कॅफे' म्हणायला लावलं. पोहे तेच राहिले. मग एके दिवशी त्यांनी सगळ्या खातेप्रमुखांना एक मेल पाठवला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, कंपनीच्या वार्षिक दिनाला खात्याखात्यांमध्ये विमान बांधायच्या गेमची स्पर्धा होईल. कॉम्प्युटरवर सुटे भाग जोडून विमान बांधायचं, त्यात दहा पेट्या माल भरायचा आणि ठरल्या वेळात तळ्यापलीकडच्या धावपट्टीवर नेऊन उतरवायचा. इंजिनं फक्त पंख्याची वापरायची. जेट लावलं की डोकं चालवावं लागत नाही, असं धाकट्यांचं मत होतं. दुसरी गोष्ट, चाकणला कंपनीचा नवा प्लँट सुरू होतो आहे आणि त्याचा प्रमुख कोण हे त्याच दिवशी जाहीर होईल.

एका मेलमधल्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसू शकतो, असं आमच्याकडे कोणी मानत नाही. दुपारपर्यंत सगळ्या खातेप्रमुखांच्या पडद्यावर विमानं दिसायला लागली.

बाकीच्यांना चाकणची जागा हवी होती ती सर्वसाधारण कारणांसाठी. येळवंडे साहेबांचं कारण वेगळं होतं. त्यांचं गाव चाकणच्या पलीकडे, हमरस्त्यावरच्या फाट्यापासून थोडं आत आहे. वडिलांनी दोन मुलांची वाटणी करून ठेवली होती. थोरल्या आप्पाने शेती बघायची, धाकट्या सुदामने शिकायचं. सुदाम शिकला, भोसरीत नोकरीला लागला, संत तुकाराम नगरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि साहेब झाला. आप्पा शेती बघत राहिला. मग चाकणला कंपन्या आल्या आणि आप्पाला शेतीकडे नुसतं बघण्याचे इतके पैसे मिळायला लागले की ती करायची गरज उरली नाही. आता आप्पाचे टेम्पो होते, पाण्याचे टँकर होते, शेड होत्या आणि पांढरी, उंच गाडी होती. दर दिवाळीला साहेब बायकोला घेऊन एसटीने गावी जायचे आणि आप्पा भरल्या ओसरीवर विचारायचा, "काय रं सुदाम, अजून डबा घिऊनच जातोस ना कामाला?"

प्लँटच्या प्रमुखाला कंपनीची गाडी आणि ड्रायव्हर मिळतो. साहेबांना बाकी काही नको होतं. चहा पिताना त्यांनी मला एकदा सगळं सविस्तर सांगितलं होतं. गाडी फाट्यावरून आत वळणार. साहेब मागच्या सीटवर. देवळापाशी माणसं बसलेली असणार. "काच निम्मीच खाली करायची," ते म्हणाले. "पूर्ण केली की बोलत बसावं लागतं." ही काच त्यांनी मनातल्या मनात इतक्या वेळा खाली-वर केली होती की खरी असती तर तिची मोटर जळाली असती.

तर साहेब विमानाच्या मागे लागले. त्या गेममध्ये इंजिनाला चार सरकत्या खुणा होत्या: ताकद, पात्यांची संख्या, पात्यांचा व्यास आणि पात्यांचा तिरपा कोन. साहेबांनी चारही खुणा उजव्या टोकाला नेऊन ठेवल्या. त्यांच्या सगळ्या आयुष्याचं धोरण पाहता दुसरं काही घडणं शक्य नव्हतं. पण पात्यांचा कोन पार टोकाला नेला की विमान उभं असताना पाती हवा मागे ढकलण्याऐवजी नुसती घुसळत बसतात. विमानाने रडतखडत धावपट्टी संपवली आणि सुरुवातीला सांगितलेलं तळं गाठलं.

हे कळल्यावर त्यांनी कोन कमी केला. हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. मग व्यास वाढवला. पातं मोठं झाल्यामुळे ते जमिनीला घासायला लागलं, म्हणून चाकांचे पाय उंच केले. पाय उंच झाल्यामुळे विमान वळताना कलंडायला लागलं, म्हणून पाय फाकवले. फाकवलेल्या पायांचं वजन वाढलं, म्हणून विमान उठेना. साहेबांनी डोळे मिटले. पडद्यावर तळहात ठेवायचं बाकी होतं, ते त्यांनी केलं. "पॉवर कमी पडतीय," ते म्हणाले आणि व्यास आणखी वाढवला. या फेऱ्याला ते 'सिस्टिम' म्हणायचे.

मोठा पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा विमानाला उलट्या दिशेने पिळवटतो. साहेबांचं विमान जेमतेम उठलं की डावीकडे आडवं व्हायचं. त्यावर त्यांनी टेम्पोवाल्याची युक्ती केली आणि दहापैकी आठ पेट्या उजवीकडे रचल्या. आता विमान सरळ उठायला लागलं, पण वर गेल्यावर जोर कमी केला की सावकाश उजवीकडे कलून पाठीवर पडायचं. खरातने सुचवलं, "साहेब, मंग जोर कमीच करू नका की." ते साहेबांना इतकं पटलं की त्यांनी तळं ओलांडलं, धावपट्टी ओलांडली आणि नकाशा संपेपर्यंत थांबलेच नाहीत.

शेवटी व्हिडिओ बघून बघून त्यांना कळलं की दोन इंजिनं घेऊन एक सुलट आणि एक उलट फिरवलं की पिळवट निघून जाते. त्यांनी दोन पंखांवर दोन इंजिनं बसवली. पाती बेताची, कोन बेताचा. विमान धावलं, उठलं, तळ्यावरून सरळ गेलं आणि पलीकडे दहाच्या दहा पेट्यांसकट उतरलं. साहेबांचा हात माऊसवर होता आणि चेहरा असा झाला होता की त्यांना गावात कोणी सुदाम म्हणत असेल हे मला पहिल्यांदाच पटलं. माझ्या मते त्या दिवशी ते थांबले असते तर एक चांगले इंजिनिअर म्हणून त्यांची आठवण काढता आली असती.

पण त्यांची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली. "तीन चतुर्थांश जोरातच उडालं," ते म्हणाले. "म्हणजे पाव पॉवर वाया चाललीय."

त्याच आठवड्यात आप्पा आला. गावच्या यात्रेचं आमंत्रण द्यायला तो त्या पांढऱ्या गाडीतून थेट कंपनीत आला. वॉचमनने त्याला मोठा ग्राहक समजून सलाम ठोकला. मी ग्रीसच्या डब्यांवर सही घ्यायला केबिनमध्ये गेलो होतो, तेव्हा आप्पा पाहुण्यांच्या खुर्चीत बसला होता आणि केबिन त्याची वाटत होती.

"ह्ये चालतं व्हय रं कंपनीत?" पडद्याकडे बघत त्याने विचारलं.

"ट्रेनिंग आहे आप्पा. विमान आहे. मी बांधलंय."

"तू? आन उडतंय?"

साहेबांनी उडवून दाखवलं. विमान तळं ओलांडून बिनचूक उतरलं. आप्पाने मान तिरकी करून सगळं पाहिलं.

"इंजिनं किती म्हनायची ही?"

"दोन."

"दोनच?" आप्पा म्हणाला. त्याला चिडवायचं होतं असंही नाही. टेम्पो विकत घेताना विचारावं तसं त्याने विचारलं. "माझ्या पोराच्या खेळन्यातल्या इमानाला चार हायेत."

"दोन पुरतात आप्पा. वजनाच्या मानाने—"

"पुरत असत्याल. तुला पुरतंच सगळं." तो उठला. "आपल्याकडं इमानतळ येनार, इमानतळ येनार म्हनून लोकांनी रानं इकली. इमानतळ काय आला न्हाई. तू हितं बसून उडिवतोस त्ये बरंय, रान तरी लागत न्हाई. यात्रंला ये. एसटी बंद हाय म्हनत्यात, सहा सीटर रिक्षानं ये."

तो गेल्यावर साहेबांनी माझ्या कागदावर सही केली. ती नेहमीपेक्षा खोल उमटली होती, खालच्या तीन पानांवर. दुसऱ्या दिवशी विमानाला चार इंजिनं होती.

आता ती चार इंजिनं कशी बसवली हे नीट सांगायला हवं, कारण जगात दुसरीकडे कुठे कोणी ती तशी बसवली असतील असं मला वाटत नाही. आमच्याकडे शेडमध्ये मशिनं समोरासमोर तोंड करून लावतात. मध्ये एक माणूस उभा राहतो. इकडे वळून एक जॉब, म्हणजे घडवायचा भाग, लावला की तिकडे वळून दुसरा. एका माणसात दोन मशिनं चालतात. ही मांडणी भोसरीत आणण्याचं श्रेय साहेब स्वतःकडे घेत, आणि त्याबद्दलची ढाल त्यांच्या कपाटावर होती. विमानाला त्यांनी आता पुढे एक आणि मागे एक अशा पंखांच्या दोन जोड्या लावल्या. मागच्या पंखावरची दोन इंजिनं तोंड पुढे करून बसवली आणि पुढच्या पंखावरची दोन तोंड मागे करून. चारही इंजिनं समोरासमोर. मध्ये मोकळी, स्वच्छ जागा. त्या जागेच्या कडेने साहेबांनी पिवळे पट्टेसुद्धा आखले.

दोन इंजिनं विमानाला पुढे ओढत होती आणि दोन तितक्याच जोराने मागे.

पहिल्या चाचणीला सगळं खातं केबिनमध्ये जमलं होतं. साहेबांनी जोर पूर्ण केला. स्पीकर फुटतील असा आवाज झाला. विमान जागच्या जागी उभं राहिलं.

"हललं का?" साहेबांनी विचारलं.

"आवाज तर लै भारी यायलाय साहेब," खरात म्हणाला.

"हलतंय का ते सांग."

"थरथरायलंय की."

साहेबांनी डोळे मिटले. निदान काय झालं असेल ते सांगायला नको. त्यांनी चारही इंजिनांची ताकद सारखीच वाढवली. विमान आणखी मोठ्या आवाजात जागच्या जागी उभं राहिलं. त्यांनी पाती वाढवली, चारहींची सारखीच. साहेब न्यायी माणूस होते.

हे पुढे काही दिवस चाललं. चूक खात्यातल्या प्रत्येकाला दिसत होती. आमचे फिटर बोल्ट कुठल्या बाजूने सैल झाला आहे हे आवाजावरून ओळखणारे लोक. पण रजेच्या अर्जावर आणि ओव्हरटाइमवर साहेबांची सही लागते. मी खरातला स्टोअर्समध्ये गाठून विचारलं तर तो म्हणाला, "दिसतंय की ओ, मला काय डोळे नाहीत का? पण बहिणीचं लगीन आहे लातूरला. आठ दिवसांची रजा टाकलीय. आधी ती तर मंजूर होऊ द्या. मंग इंजिन फिरवू."

शेवटी साने मॅडमनी सांगितलं. त्यांची सही साहेबांच्या सहीच्या वर लागत असल्यामुळे त्यांना ते शक्य होतं.

"येळवंडे साहेब, तुमची पुढची दोन इंजिनं उलटी आहेत."

"उलटी नाहीत मॅडम. समोरासमोर आहेत."

"पण का?"

"एकाच माणसाला चारही सांभाळता येतात."

"आत माणूस नाहीये, साहेब. तो गेम आहे."

साहेबांनी थोडा विचार केला. "म्हणजे मनुष्यबळात आणखी बचत," ते म्हणाले आणि ते खरोखर लिहून घेतलं.

वार्षिक दिन कॅफेत साजरा झाला. मोठा पडदा लावला होता. थोरले शेठ मधोमध सोफ्यावर बसले होते आणि शेजारच्या टेबलावर भगव्या कापडाखाली ट्रॉफी होती. चाकणच्या नेमणुकीचं पाकीट धाकट्यांच्या कोटाच्या खिशातून दिसत होतं. साहेबांनी नवा शर्ट घातला होता. पहिल्यांदाच त्याच्या खिशाला टेस्टर नव्हता.

अकाउंट्सच्या विमानाने इंधनात इतकी काटकसर केली होती की ते तळ्याच्या मध्यावर संपलं. एचआरच्या विमानाला खिडक्या, पडदे आणि पंखावर घोषवाक्य होतं. ते उठून अतिशय आत्मविश्वासाने डोंगराकडे गेलं आणि परत आलं नाही. प्रॉडक्शनचं विमान वेळेच्या कितीतरी आधी पलीकडे उतरलं. उतरल्यावर दिसलं की पेट्या वाटेत पडल्या आहेत. प्रॉडक्शनच्या लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही, त्यांच्या हिशेबी डिस्पॅच झालेला होता. साने मॅडमचं विमान मी त्यांच्या टेबलावर उडताना पाहिलं होतं, सुरेख उडायचं. पण ऐन वेळी त्यांनी स्वतःच तपासणी केली आणि म्हणाल्या, "मागच्या चाकाबद्दल मला शंका आहे. मी याला रिलीज देणार नाही." धाकट्यांनी विनवून पाहिलं. मॅडमनी विमानावर 'होल्ड' असा शेरा मारला आणि चहा प्यायला घेतला.

मग येळवंडे साहेब उठले. त्यांनी थोरल्या शेठना नमस्कार केला, खुर्ची पुढे ओढली आणि जोर पूर्ण केला.

कॅफेतल्या स्टीलच्या ताटल्या वाजायला लागल्या. थोरल्या शेठनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. पडद्यावर धुळीचे लोट उठले, चार पंखे दिसेनासे झाले आणि त्यांच्या मधोमध पिवळ्या पट्ट्यांमधली मोकळी जागा स्वच्छ दिसत राहिली. विमान तसूभरही हललं नाही. साहेब सरळ पुढे बघत होते. कपाळावरून घाम कानामागे उतरत होता. मला त्या वेळी हसू आलं नाही, कारण त्यांच्या गुडघ्यावरचा डावा हात गाडीच्या काचेच्या बटणावर असावा तसा निम्मी मूठ मिटून राहिला होता. वेळ संपल्याची घंटा झाली, तेव्हा दहाच्या दहा पेट्या जिथे भरल्या होत्या तिथेच होत्या.

धाकट्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग ट्रॉफीकडे. ट्रॉफी तयार होती, वडील समोर बसलेले होते, फोटोवाला थांबला होता. कोणाला तरी जिंकावंच लागणार होतं.

तेव्हा साहेब उभे राहिले. "सर, एवढंच सांगतो. आमचं विमान जागेवर आहे. माल जागेवर आहे. एकही पेटी डॅमेज नाही. आणि हे सगळं फुल पॉवर चालू असताना."

धाकट्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. परदेशात शिकलेल्या माणसाला असा उजेड कुठल्याही गोष्टीतून मिळू शकतो.

"एवढी पॉवर," ते माईकवर म्हणाले, "आणि तरीही एवढा कंट्रोल. मित्रहो, आज चाकणला आपल्याला नेमकं हेच हवंय."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी खरातने वाजवल्या. त्याची रजा त्या सकाळी मंजूर झाली होती, तरीही वाजवल्या, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. साने मॅडमनीही वाजवल्या, नियमात बसतील तेवढ्या.

दुसऱ्या दिवशी साहेब पेढे घेऊन माझ्याकडे आले. पेढा दिला, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगा. का नसेल हललं?"

"पुढची दोन उलटी आहेत साहेब. मॅडम म्हणाल्या तसं."

त्यांनी पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावलं. "असतील," ते म्हणाले. "पण आता फिरवायला नको. फोटो प्रेझेंटेशनमध्ये गेलाय."

चाकणच्या प्लँटच्या पूजेला आम्हा सगळ्यांना बसने नेलं होतं. तिथे गेल्यावर कळलं की कंपनीने जागा विकत घेतलेली नाही, तयार शेड भाड्याने घेतली आहे आणि साहेबांच्या गावच्या फाट्यापुढची ती शेड आप्पाची आहे. नारळ कोणी फोडायचा असा प्रश्न निघाला, तेव्हा धाकटे म्हणाले की जागामालकाचा मान पहिला. आप्पाने नारळ फोडला. प्लँट प्रमुख या नात्याने येळवंडे साहेबांनी ताट धरलं होतं. नारळाचं पाणी त्यांच्या नव्या बुटांवर उडालं. आप्पाने शेडच्या छताकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि मोठ्या आवाजात धाकट्यांना म्हणाला, "माणूस चांगला दिलाय तुमी. आमच्याच घरचा हाय. काय तक्रार आसंल तर मला सांगत जा." धाकट्यांनी हात जोडले.

गाडी मात्र मिळाली. खरी, काळी, ड्रायव्हरसकट. मी ती पहिल्यांदा पाहिली ती पावसाळा संपल्यावर. चाकणच्या स्टोअर्सची मोजणी करून मी बाइकवरून परत येत होतो आणि साहेबांच्या गावच्या फाट्यावर चहासाठी थांबलो होतो. गाडी चिंचेखाली उभी होती. ड्रायव्हर सीट मागे पाडून झोपला होता. साहेब कुठे दिसेनात.

मग कोणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली. वळून पाहिलं तर गावात जाणाऱ्या सहा सीटरमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या शेजारच्या अर्ध्या फळीवर साहेब बसले होते. एक पाय आत, एक पाय बाहेर, मांडीवर लॅपटॉपची बॅग. मागून एका बाईची भाजीची पाटी त्यांच्या खांद्याला लागली होती.

"रस्ता खणलाय," ते म्हणाले. "पाण्याची पाइपलाइन टाकतायत. गाडी आत जात नाही."

"कधीपासून?"

"मी यायच्या आधीपासून." त्यांनी खांदा थोडा सावरला. "पण काम जोरात चाललंय."

मी चहा घेणार का विचारलं. ते नको म्हणाले, रिक्षा केव्हाही सुटेल. मी चहा संपवला, बाइक सुरू केली आणि निघताना मागे पाहिलं. रिक्षाचा ड्रायव्हर खाली उतरून रस्त्याकडे बघत उभा होता. आणखी दोन सीट मिळाल्याशिवाय रिक्षा सुटणार नव्हती.